कंबर बत्तीस

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, त्याचं पत्र्याचं टोक लाल मोटारसायकलच्या सीटवर अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसरं टोक ताणून हँडलपर्यंत नेलं. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आकडा वाचला.

"साडेएकोणतीस," ते म्हणाले. "लिही."

शोरूमच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या बायकोने मांडीवरच्या वहीत साडेएकोणतीस लिहिलं. सव्वीस वर्षं दोघांचं शिलाईचं दुकान असंच चाललं होतं. मास्तर माप घेणार, ती लिहिणार; मास्तर कापणार, ती शिवणार. फरक एवढाच, की आजवर टेपच्या खाली माणूस असायचा आणि तो श्वास रोखून पोट आत ओढायचा. मोटारसायकलने तसलं काही केलं नाही.

"सर, टेस्ट राइड घ्यायची का?" विक्रीला बसलेल्या मुलीने तिसऱ्यांदा विचारलं. तिच्या नोकरीला चार महिने झाले होते आणि गिऱ्हाईक गाडीखाली गुडघे टेकून टेप लावतं हे तिला शिकवलेलं नव्हतं.

"आधी माप, मग ट्रायल," मास्तर गाडीखालून म्हणाले. "माप न घेता अंगावर काही चढवलं की फजिती होते बाई."

"पण सर, बाकीचे लोक मायलेज विचारतात."

"विचारू देत. फूटरेस्टपासून सीट, अठरा. लिहिलंस?"

"लिहिलं," बायको म्हणाली.

दुकानात सगळे तिला वहिनी म्हणत, त्यामुळे आपणही वहिनीच म्हणू. वहिनींनी वही मिटली आणि त्या उठून गाड्यांपाशी आल्या. गाड्या दोन होत्या. दोन्ही साडेसहाशे सीसीच्या, ना फार जड ना फार हलक्या, किंमतही जवळपास सारखीच. लाल गाडी म्हणजे नुसती धार होती. हँडल खाली, फूटरेस्ट मागे, बसणाऱ्याने टाकीवर ओणवं होऊन समोरच्याकडे रागाने बघायचं. दुसरी करडी. तीही पळणारीच, पण तिचं हँडल वर होतं, सीट सपाट आणि लांब, आणि तिच्यावर बसलेला माणूस आजूबाजूची झाडंही बघू शकेल अशी सोय होती.

वहिनींनी लालच्या मागच्या सीटवर तळहात ठेवला. सीट संपली, तळहात उरला. मग त्यांनी तोच हात करडीच्या मागच्या सीटवर ठेवला, बोटं पसरून वीत मोजली, आणखी थोडं मोजलं आणि हात मागे घेतला. मास्तर तेव्हा लालच्या टाकीचा घेर घेत होते.

"मॅडमना कुठली आवडली?" मुलीने विचारलं.

"ते ठरवतील," वहिनी म्हणाल्या. पण भिंतीवरच्या फळीवरून एक निळं हेल्मेट उचलून त्यांनी डोक्यात घातलं, आणि आरशात डावीकडून-उजवीकडून जरा जास्तच वेळ पाहिलं.

त्याचं असं होतं. लग्न झालं तेव्हा मास्तरांकडे एक जुनी मोटारसायकल होती. तिच्यावर बसून दोघं दोन महिने मनसोक्त भटकली. मग स्वतःचं दुकान काढायचं ठरलं आणि मोटारसायकल विकून शिलाई मशीन आलं, वहिनी अजून ज्याच्यावर बसतात ते. गाडी घेऊन जाणारा माणूस गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला तेव्हा मास्तर म्हणाले होते, "पुन्हा घेईन. मोठी घेईन. आणि मागे तू. थेट समुद्रापर्यंत जाऊ." त्यानंतर मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन गेली. मास्तर सव्वीस वर्षं स्कूटरवरून गिऱ्हाइकांचे सूट पोचवत राहिले. समुद्र एका दिवसाच्या वाटेवर होता आणि तिथेच थांबला होता. आता चोपन्नाव्या वर्षी गाडी येणार होती. कुठली, एवढंच ठरायचं होतं, आणि ते शनिवारपर्यंत ठरवायला हवं होतं, कारण दोन्हींचा एकेकच नग शिल्लक होता.

वहिनींना समुद्राचं एवढं काही नव्हतं. मागे बसायचं मात्र होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण विचारलं कुणीच नव्हतं.

*

दुकानात आल्यावर मास्तरांनी कामाला हात लावला तो वेगळ्याच. शिवायला आलेली तीन कोटांची कापडं बाजूला सारली, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि लाल खडूने भिंतीवर लाल गाडी काढली. माप वहीतलं, इंचाला इंच. शेजारी निळ्या खडूने करडी काढली, कारण करड्या रंगाचा खडू नव्हता. मग ब्राऊन पेपरचा अख्खा ताव पसरून ते एक माणूस कापायला बसले.

"हे कोण?" वहिनींनी काजं करता करता विचारलं.

"मी."

ते खरंच मास्तर होते, बाजूने दिसणारे. धड वेगळं, मांडी वेगळी, पोटरी वेगळी, दंड वेगळा, आणि प्रत्येक सांध्यावर कोटाचं एकेक बटण टाकून दोऱ्याने बांधलेलं, म्हणजे हातपाय हलतात. माणूस कुठल्या गाडीवर कसा बसतो हे कळायला शोरूममध्ये कसरती करण्यापेक्षा ही पद्धत सोपी होती. मास्तरांना तरी सोपी वाटली.

कागदी मास्तरांचं माप मात्र टेपने घेतलेलं नव्हतं. त्याची गरजच काय? मापांच्या सगळ्यात जुन्या वहीतलं पहिलं पान मास्तरांचं होतं. लग्नाचा सूट शिवताना घेतलेलं माप: छाती अडतीस, कंबर बत्तीस. या पानाबद्दल मास्तरांना जो अभिमान होता तो मुलीच्या पदवीबद्दलही नसेल. सव्वीस वर्षांत त्या पानावर एक खाडाखोड नव्हती. त्याच मापाने ते स्वतःचे कपडे बेतत, वहिनी शिवत आणि कपडे अंगावर चपखल बसत. गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं दिसलं की मास्तर जुनी वही काढून ते पान त्याच्या नाकासमोर धरत.

त्या दुपारी ही वेळ वकिलांवर आली. ते वास्कीटच्या ट्रायलला आले आणि दारातच थबकले. मास्तर स्टुलावर उभे राहून भिंतीवरच्या मोटारसायकलवर एका कागदी माणसाला टाचण्यांनी बसवत होते.

"मास्तर, बरं आहे ना सगळं?"

"या या. उभे राहा इथे." मास्तर उतरले, वकिलांभोवती टेप फिरवला आणि चुकचुकले. "दीड इंच. सहा महिन्यांत दीड इंच, वकीलसाहेब."

"अहो, टेप जुना झाला असेल तुमचा."

"टेपला नावं ठेवू नका." वही निघाली, पान उघडलं. "हे बघा. बत्तीस. आणि हा पट्टा बघा." मास्तरांनी शर्ट वर करून कमरेचा पट्टा दाखवला. "तिसरं भोक. लग्नात तिसरं, आजही तिसरं. मनावर घेतलं तर काय होत नाही?"

वहिनींच्या हातातली सुई जरा थांबली आणि पुन्हा चालू लागली.

"धन्य आहे," वकील म्हणाले. वास्कीटच्या शेवटच्या बटणाशी त्यांची झटापट चालू होती. "मग ठरली का गाडी?"

मास्तरांनी भिंतीकडे हात केला. तिथे शंकेला जागाच नव्हती. लाल गाडीवर कागदी मास्तर असे काही झुकले होते की पाठीची रेघ टाकीच्या रेघेला समांतर, कोपर गुडघ्याला लागून, आणि पोटाच्या जागी चांगली चार बोटं हवा. करडीवर बसवून पाहिलं तर तोच माणूस पोस्टात फॉर्म भरायला बसल्यासारखा दिसत होता.

शेजारचा मेकॅनिक चहाचा कप घेऊन डोकावला. त्याला सगळी गल्ली पाना म्हणायची. त्याने भिंत बराच वेळ निरखली.

"चित्र झकास आहे मास्तर. पण लाल ही लग्नाआधी घ्यायची गाडी. करडी लग्नानंतरची."

"इंजिनाचं बोल."

"लालला चार सिलिंडर. पळवली तरच मजा. करडीला दोन, ती हळू चालवली तरी ओढते. रोज रस्त्यावर चालवायची तर..."

"पण माप लालचं जुळतंय," मास्तर म्हणाले. "माप जुळलं की संपलं. मी तीस वर्षं हेच करतोय."

पाना चहा संपवून गेला. वास्कीट सैल करायचं ठरवून वकीलही गेले. मास्तर हात पाठीमागे बांधून भिंतीसमोर उभे राहिले. चेहऱ्यावर असं काही तेज आलं होतं, की आत्ताच गाडीवरून उतरलेत असं वाटावं.

"लालच," ते म्हणाले. "काय?"

वहिनींनी भिंतीकडे पाहिलं. कागदी मास्तरांच्या पाठीमागे लालची शेपटी होती, ती वर वर जात टोकदार होऊन संपली होती. तिथे एखादा कावळा बसला असता.

"मी कुठे बसणार?" त्यांनी विचारलं.

"मागे सीट आहे की."

"हो. आहे."

"पहिले काही दिवस हात बसेपर्यंत मी एकटाच चालवीन. मग बघू."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि दाताने दोरा तोडला. दोरा तोडायला त्या नेहमी कात्री घेत.

*

मास्तरांसारखा माणूस तयार जाकीट घेणं शक्यच नव्हतं. गुरुवारी त्यांनी जाड काळं कापड आणलं, आतून लावायला अस्तर आणलं आणि पहिल्या पानावरच्या मापाने जाकीट कापलं. खडूच्या रेघा अशा मारल्या की कुठल्याही कारागिराने बघत राहावं. पॅंटही तशीच कापली. शिवायचं काम अर्थातच वहिनींकडे. त्यांनी कापड हातात घेतलं, मास्तर खुर्चीत बसून बूट घालत असताना त्यांच्या पाठीकडे क्षणभर पाहिलं आणि मशीन सुरू केलं.

शुक्रवारी संध्याकाळी जाकीट अंगावर चढलं. चेन खालपासून वरपर्यंत सरकन गेली. मास्तर आरशासमोर एकदा समोरून, एकदा बाजूने आणि एकदा ओणवे होऊन उभे राहिले.

"बघ," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं."

"छान दिसताय," वहिनी म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. त्यांना ते छानच दिसत होते.

"उद्या येतेस ना ट्रायलला?"

"तुम्ही जाऊन या. मला वकिलांच्या वास्कीटला बटणं आणायची आहेत."

बटणं दुकानात तीन डबे भरून होती. पण मास्तर आरशात होते.

शनिवारी सकाळी ते एकटेच शोरूमला गेले. विक्रीला बसलेल्या मुलीने लाल गाडी बाहेर काढून ठेवली होती. मास्तर बसले, किल्ली फिरवली, आणि चार सिलिंडरांचा जो आवाज निघाला तो ऐकून त्यांना एकदम अठ्ठाविसावं लागलं. पहिल्या सरळ रस्त्यावर ते चक्क हसत होते. असा आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता आणि तो त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ नये, हे इथेच सांगितलेलं बरं.

दुसऱ्या वळणावर पोट टाकीला लागलं.

मास्तरांनी दुर्लक्ष केलं. चौकातल्या सिग्नलला मनगटांना मुंग्या आल्या. मान वर धरायची तर श्वास लागत होता आणि श्वास घ्यायचा तर टाकी सरकत नव्हती. एक शाळेची बस शेजारी थांबली आणि खिडकीतल्या सगळ्या पोरांनी त्यांना मोठ्या कौतुकाने टाटा केला. मास्तरांना हात उचलता आला नाही. परत येईपर्यंत त्यांचे गुडघे, कंबर आणि मान यांनी आपापसात ठरवून संप पुकारला होता.

गाडी थांबली. मास्तर थांबले नाहीत, म्हणजे ओणवेच राहिले.

"सर, उतरताय ना?" मुलीने विचारलं.

"एक मिनिट."

दोन मिनिटं झाली. शेवटी वर्कशॉपमधले दोघे जण आले, एकाने डावी बगल धरली, दुसऱ्याने उजवी, आणि मास्तरांना होते त्या आकारात उचलून जमिनीवर ठेवलं. उचलताना जाकिटाचं अस्तर कुठेतरी टर्रकन उसवलं. सरळ व्हायला त्यांना मुलीने आणलेलं पाणी आणि भिंतीचा आधार लागला.

"गाडी चुकीची बनवलीय," सरळ झाल्यावर ते म्हणाले.

"म्हणजे सर?"

"चित्रात चार बोटं जागा आहे. इथे नाही. ही तीच गाडी आहे का?"

"तीच आहे सर."

मास्तरांनी खिशातून टेप काढला. सीट ते हँडल साडेएकोणतीस. फूटरेस्ट ते सीट अठरा. टाकी तेवढीच. पुन्हा मोजलं, तेवढंच. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती आणि तिला खरंच मदत करायची होती.

"सर, गाडीचं माप बरोबर असेल तर..." ती म्हणाली आणि पुढचं वाक्य गिळून हसली. "संध्याकाळपर्यंत वेळ आहे. मी दोन्ही ठेवते."

*

दुकानात वहिनी नव्हत्या. मास्तरांनी जाकीट काढून टेबलावर उलटं केलं. अस्तर बगलेपासून खाली वीतभर उसवलं होतं. टाके घालायला त्यांनी सुई ओवली, अस्तर बाजूला केलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

काळ्या कापडावर त्यांनी मारलेली खडूची पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. शिवण तिच्यावर नव्हती. शिवण रेघ सोडून पाऊण इंच बाहेरून, कापडाच्या काठाकाठाने गेली होती.

"कमाल आहे," मास्तर पुटपुटले. "रेघ दिसत नाही का हिला? चष्म्याचा नंबर..."

त्यांनी दुसरी बाजू उलटली. तिथेही पाऊण इंच. अगदी तंतोतंत. नजर कमी झालेल्या माणसाची चूक दोन्ही बाजूंना इतकी सारखी होत नाही, हे तीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. मास्तरांनी सुई टेबलात टोचून ठेवली.

दुकानात मागे खिळ्याला त्यांची एक जुनी पॅंट कायम टांगलेली असे, कधी कपड्यांवर चहा सांडला तर असावी म्हणून. त्यांनी ती काढली, उलटी केली आणि मागची शिवण उजेडात धरली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांत आत जादा कापड ठेवायची त्यांचीच शिस्त होती, पुढे मागे सैल करता यावं म्हणून. या पॅंटीत जादा कापड राहिलंच नव्हतं. होत्या त्या सुईच्या बारीक भोकांच्या ओळी. एक ओळ खडूच्या जागेवर. तिच्याबाहेर दुसरी. तिच्याबाहेर तिसरी. प्रत्येक ओळ उसवून, इस्त्री करून, पुन्हा शिवलेली, आणि बाहेरून बघणाऱ्याला सुतराम पत्ता लागू नये इतकी सफाईने.

मास्तरांनी कमरेचा पट्टा सोडला आणि हातात घेऊन पाहिला. तिसरं भोक. मग त्यांना आठवलं, की हल्ली पट्टे टिकत नाहीत म्हणून बायको दर दोन वर्षांनी नवा आणते. ते खुर्चीवर बसले. त्यांना हसू येत होतं आणि लाजही वाटत होती, आणि या दोन्हींच्या खाली असं काही दाटून आलं होतं की बराच वेळ त्यांना समोरचं नीट दिसेना.

पहिला विचार वकिलांचा आला. मग गेल्या सव्वीस वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या नाकासमोर ते पान धरलं त्या सगळ्यांचा आला. आणि त्या प्रत्येक वेळी मशीनवर खाली मान घालून बसलेल्या बायकोचा. एकदाही ती हसली नव्हती. हसायचा सगळ्यात जास्त हक्क तर तिचाच होता.

वहिनी आल्या तेव्हा मास्तर तसेच बसले होते. टेबलावर उलटं जाकीट, त्याच्यावर उलटी पॅंट, त्याच्यावर पट्टा. वहिनींनी तिन्हींकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि पदराने मान पुसली.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"मुलगी पहिलीत गेली तेव्हापासून."

"मला सांगायचं ना."

"सांगणार होते. तुम्ही पान दाखवत होतात कुणाला तरी. इतके खूश होतात." त्या जरा थांबल्या. "मग राहूनच गेलं."

"आणि माप? टेप न लावता कसं कळायचं तुला?"

"शर्टाचं चौथं बटण ताणायला लागलं की कळायचं."

मास्तरांनी खाली वाकून शर्टाच्या चौथ्या बटणाकडे पाहिलं. त्याने काही लपवलं नाही. मग त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि बायकोपुढे धरला.

"घे."

"आता कशाला? जाऊ दे ना."

"घे म्हणतो ना. मी लिहितो."

त्यांनी जुनी वही उघडली, पहिलं पान काढलं आणि उभे राहून हात जरा बाजूला केले. सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदाच होत होतं. वहिनींनी टेप त्यांच्या छातीभोवती नेला. मास्तरांनी नकळत श्वास रोखून पोट आत घेतलं.

"सोडा," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी सोडलं.

"छाती एकेचाळीस."

अडतीसवर एक रेघ मारून त्यांनी एकेचाळीस लिहिलं. त्या पानावरची ती पहिली खाडाखोड होती आणि वाटलं होतं तितकी ती दुखली नाही.

"कंबर..." वहिनींनी टेप जुळवला, आकडा पाहिला. "छत्तीस."

"छत्तीसच?"

"वर थोडं आहे. ते मी सोडून दिलं."

मास्तर हसले. मोठ्याने, पोट हलेपर्यंत, आणि टेप हातात धरलेल्या वहिनींना ते हलणं चांगलंच कळलं. छत्तीसच्या पुढे त्यांनी आपल्या हाताने अर्धा लिहिला. मग समोरचं पान पाहिलं. ते कोरं होतं. दुसऱ्या पानापासून गिऱ्हाइकं सुरू होत होती, एकेक पान सोडून, शाई उमटते म्हणून. या वहीत काय आणि नंतरच्या अकरा वह्यांत काय, बायकोचं पान नव्हतं. तिचे कपडे तीच बेतायची, तीच शिवायची. इतक्या वर्षांत तिला मापाला उभं राहा असं ते कधी म्हणाले नव्हते.

"तुझं माप घ्यायचंय," ते म्हणाले.

"कशाला?"

"जाकिटाला. कापड उरलंय." मग नजर वहीतच ठेवून त्यांनी पुढचं सांगितलं. "आणि भिंतीवर मागे बसवून बघायचंय. करडीवर."

पिशवी उचलून वहिनींनी ती पुन्हा तिथेच ठेवली. खांद्यावरचा पदर ओढून कमरेला खोचला आणि टेबलासमोर ताठ उभ्या राहिल्या, हात थोडे बाजूला, नजर समोर, गेली सव्वीस वर्षं रोज पाहिलेल्या गिऱ्हाइकांसारख्या.

मास्तरांनी टेप फिरवला. छाती, खांदा, बाही. आकडा तेच घेत होते आणि तेच लिहीत होते. मग कमरेशी आले. टेप जुळवला, आकडा पाहिला, थोडा विचार केला आणि वहीवर वाकले.

वहिनींनी मान वळवून पान पाहिलं.

"चौतीस?"

"चौतीस," मास्तर म्हणाले.

"खोडा ते. खरं लिहा." त्यांनी हात कमरेवर ठेवले. "मला बसायचंय त्या गाडीवर."

मास्तरांनी चौतीस खोडलं आणि अडतीस लिहिलं. मग ओलं फडकं घेऊन ते भिंतीकडे गेले आणि लाल गाडी मागच्या सीटपासून पुसायला लागले.